तीन नंबरवरचं पत्र

"म्हणजे आत काहीच नाही?" लुमिरनं तिसऱ्यांदा विचारलं.

शेरिलनं तिसऱ्यांदा मान हलवली. ती विभागीय ग्रंथालय कार्यालयातली बाई. दीड तास गाडी हाकत आमच्या होरिन गावाला आली होती, आणि आम्ही चौदा जण लायब्ररीत घडीच्या खुर्च्या मांडून तिच्यासमोर बसलो होतो. एक मोठी कंपनी कॉम्प्युटरची नवी सिस्टिम काढते आहे, ती अजून बाजारात यायची आहे, पण काही निवडक ठिकाणी आधी वापरून बघायला देणार आहेत आणि त्यात आपल्या लायब्ररीचं नाव लागलंय, एवढं आम्हांला कळलं. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं.

बटण दाबलं की सात सेकंदांत सुरू. वजनाला हलकं. पोटात काही नाही. पत्रं, फोटो, अर्ज, सगळं इंटरनेटवर. मशीन नदीत पडलं तरी बिघडत नाही, दुसऱ्या मशीनवर आपलं सगळं जसंच्या तसं.

"नदीत कशाला पडेल?" लुमिर म्हणाला. "आणि तिकडे म्हणजे कुठं असणार ते?"

शेरिलनं नकळत बोट वर केलं. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. आमची लायब्ररी म्हणजे पूर्वीची लोण्याची डेअरी, त्यामुळे वर ओल धरलेला छताचा पत्रा तेवढा दिसला.

मग मी विचारलं की आमच्याकडे इंटरनेट येतं ते धान्याच्या कोठारावर बसवलेल्या अँटेनावरून. वारा जोराचा असला की जातं, आणि नेब्रास्कात वारा कधी नसतो? त्या वेळी आमचे कागद कुठं जाणार? शेरिल म्हणाली की कुठं जाणार नाहीत, असतातच, फक्त त्या वेळी दिसत नाहीत.

"रोझलीबद्दल फादरही असंच म्हणाले होते," लुमिर म्हणाला, आणि टोपी घालून बसला.

रोझली ही त्याची बायको. तिला जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. कुणी हसलं नाही. मागं किटलीपाशी मार्सेला उभी होती. शेरिल बोलत होती ते सगळं ती वहीत उतरवून घेत होती, पण तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून मला दिसत होतं की तिलाही काडीचं कळलेलं नाही.

मी डेलोरिस. गावात सगळे डी म्हणतात. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होते, आता सत्तर पूर्ण आहेत. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे, हे आधीच सांगून टाकते. ही गोष्ट मात्र मार्सेला वोसिकाची. एकोणऐंशी साली ती लायब्ररीत लागली, आणि सगळा जन्म तिनं दुसऱ्यांना पुस्तकं देण्यात घालवला. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मलासुद्धा माहीत नाही, म्हणजे बघा. माझ्या नवऱ्याला, व्हर्ननला, पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी त्यावरचं पुस्तक मागितलं. तिनं ते खाकी पिशवीत घालून टेबलावरून सरकवलं आणि हवापाण्याचं बोलत राहिली. तीन महिने गावाला पत्ता नव्हता. मार्सेलाला होता. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आता तीन नंबरचं सांगते. लायब्ररीत पाच कॉम्प्युटर. नियम असा की संध्याकाळी बंद केले की दिवसभरात त्यांच्यावर कुणी जे काही लिहिलं असेल ते पुसलं जायचं आणि सकाळी पाटी कोरी. नव्याण्णव साली शेजारच्या गावातला मांसाचा कारखाना बंद पडला आणि माणसं नोकरीचे अर्ज लिहायला येऊ लागली. ज्यांनी उभ्या आयुष्यात सही सोडून काही लिहिलं नव्हतं, ते दिवसभर खपून अर्धं पान लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी ते नसायचं. एक धिप्पाड माणूस त्या खुर्चीत बसून रडला. मार्सेलानं कमिटीला न विचारता विभागात फोन लावला, त्यांच्याकडून पायरी पायरी शिकून घेतली आणि तीन नंबरचं पुसणं बंद केलं.

तेव्हापासून सगळं गाव तीन नंबरवर ठेवायचं. प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर. कुलूप नाही, पासवर्ड नाही. आमच्या घरांनाही कुलपं नसतात, तसंच. दुसऱ्याच्या नावावर कुणी बोट ठेवायचं नाही, आणि अकरा वर्षं कुणी ठेवलं नाही. मीही नाही. हे मुद्दाम सांगते आहे.

लुमिर पॉस्पिशिल दर मंगळवारी दहाला यायचा. चाळीस वर्षं त्यानं कोठाराच्या काट्यावर ट्रक तोलले होते आणि टाइप करतानाही तो तसाच, एकेक अक्षर तोलून, दोन बोटांनी. काय लिहितो हे गावाला ठाऊक होतं, म्हणजे कुणाला लिहितो ते. त्याची मुलगी जॅनेल दूर टूसॉन शहरात असते. रोझली आजारी पडली तेव्हा लुमिरनं मुलीला कळवलंच नाही. ती आली ती थेट अंत्यविधीला, आणि स्मशानातून निघताना बापाला म्हणाली की तुम्ही माझी आई माझ्यापासून चोरलीत. त्यानंतर ती बोलली नाही. गावानंही लुमिरला मनातून माफ केलं नव्हतं. असं कोण करतं, असं मी स्वतः किती जणींना म्हणाले असेन, याची गणती नाही.

तर तो तिला पत्र लिहीत होता. पुरं झालं की पाठवणार होता. चार वर्षं झाली, पुरं होत नव्हतं.

नवी मशीनं हिवाळ्याआधी येतील, तोवर तीन नंबर रिकामा करून सगळ्यांचं इंटरनेटवर न्या, असं शेरिल सांगून गेली होती. त्यासाठी प्रत्येकानं आपलं खातं उघडायचं. नाव, जन्मतारीख, पासवर्ड, आणि पासवर्ड विसरलात तर म्हणून आणखी एक पत्ता. सप्टेंबरभर मार्सेला एकेकाला घेऊन बसत होती. निम्म्यांना आपण काय करतोय ते समजेना आणि उरलेले दुसऱ्या दिवशी पासवर्ड विसरून यायचे.

"माझी जन्मतारीख कशाला हवी त्याला?" लुमिर म्हणाला. "केक पाठवणार आहे?"

खातं उघडायला त्यानं साफ नकार दिला. आणखी सहा जणांनी दिला. तेवीस माणसं, त्यातली चार धड तयार. शेवटी मार्सेलानं तिला सुचलं ते केलं. सगळ्या गावाचं मिळून एकच खातं उघडलं. नाव होरिन लायब्ररी, जन्मसाल लायब्ररीच्या स्थापनेचं, १९२१. मशीननं मुकाट्यानं मान्य केलं. पासवर्ड लायब्ररीचा फोन नंबर, जो शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तिच्या मनात तीन नंबरचंच चित्र होतं. एक खोली, आपापले खण, दुसऱ्याच्या खणाला कुणी हात लावत नाही. आमच्या गावात वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचलंच नसतं.

लुमिरचं पत्र तिनं न उघडता तसंच्या तसं उचलून तिकडे नेलं. मी तेव्हा तिथंच होते.

"कुणाला दिसणार नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मार्सेला म्हणाली. "तीन नंबरवर होतं तसंच आहे."

तिनं शब्द दिला तो असा. ती खोटं बोलली नव्हती. तिला माहीत नव्हतं.

ऑक्टोबरातला तिसरा मंगळवार. चर्चचं पाककृतींचं पुस्तक निघायचं होतं आणि ते टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. मी पाच नंबरवर बसले. लुमिर माझ्याकडे पाठ करून नेहमीसारखा तीन नंबरवर. तिथं आता त्याचं काही नव्हतं, पण सवयीची खुर्ची. आम्ही दोघं आपापल्या मशीनवरून त्या एकाच खात्यात शिरलो होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. त्या खात्यात कागदांची एक यादी दिसायची, आणि जो शेवटी हाताळला तो सगळ्यांत वर. रोज जाऊन बसणारी मीच, त्यामुळे वरचं नाव नेहमी माझं असायचं. मी नाव न वाचताच वरच्यावर बोट दाबलं.

प्रिय जॅनेल, कोंबड्या आता सहाच उरल्यात.

ही कुठली पाककृती म्हणून मी पुढची ओळ वाचली. मग मला कळलं. पहिली ओळ चुकून वाचली, दुसरी समजून घ्यायला वाचली. त्यापुढची सगळी मी मला वाचायची होती म्हणून वाचली. हे मी फादरनाही सांगितलंय.

खाली जाता जाता पानाच्या शेवटी एक बारीक हिरवी रेघ लुकलुकताना दिसली आणि तिच्यापुढे अक्षरं उमटायला लागली. आपोआप. मी कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. अक्षरं उमटतच राहिली. बिघडलं हे मशीन, म्हणून मी मार्सेलाला हाक मारणार, तेवढ्यात मला मागून आवाज आला. टक. मग थोडं थांबून टक. प्रत्येक आवाजाबरोबर माझ्यासमोर एक अक्षर.

तो माझ्यापासून दहा पावलांवर बसून लिहीत होता आणि मी ते वाचत होते. तो बोटांकडे बघून लिहितो, पडद्याकडे क्वचितच. माझी रेघही त्याच्या पानावर लुकलुकत असणार, पण त्याला ती दिसली नाही.

तुला कळवायचं नाही असं तुझ्या आईनंच, एवढं उमटलं. मग बराच वेळ काही नाही. मग शेवटाकडून एकेक अक्षर पुसलं गेलं. मग उमटलं, तो निर्णय माझा होता. तेही पुसलं गेलं. मग, तुझ्या आईनं मला शपथ घातली होती, तू तिला तशी बघू नयेस म्हणून. हे पुरं वाक्य उमटलं. ते वाक्य तसंच राहू दे, असं मी मनात म्हणत होते. त्यानं ते अख्खं पुसलं.

म्हणजे शब्द रोझलीनं घेतला होता. तो पाळला म्हणून पोरगी तुटली, आणि आता खरं सांगावं तर मेलेल्या आईवर पोरीचा राग जाणार. म्हणून हा माणूस चार वर्षं एकच वाक्य लिहितोय आणि पुसतोय, आणि आम्ही त्याला दगड समजत होतो.

"अडलंय का काही?" मार्सेलानं टेबलामागून विचारलं.

मी नाही म्हणाले आणि ते पान बंद केलं.

दोन दिवस मी गप्प होते. माझ्या हिशेबी ते पुष्कळ झाले. गुरुवारी चर्चच्या तळघरात शरदातल्या जेवणासाठी आम्ही कोलाचे, म्हणजे सारणाचे गोड पाव, करत होतो. मी पिठाच्या गोळ्यांना अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि माझ्या मैत्रिणीनं, ॲग्नेसनं, त्यात खसखशीचं सारण भरायचं. ती म्हणाली की लुमिरनं यंदा जेवणाचं तिकीट घेतलेलं नाही, आणि घेईल कोणत्या तोंडानं. मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. फक्त तुला म्हणून. मला खरंच वाटलं की मी त्याची बाजू घेते आहे.

आणि घरी येऊन मी टूसॉनला फोन लावला. जॅनेलला मी शाळेत नऊ वर्षं जेवायला वाढलंय, मला वाटलं तेवढा माझा हक्क आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे बाबांनी तुम्हांला सांगितलं?" मी म्हणाले, तसं नाही, लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर होतं, म्हणजे कॉम्प्युटरवर नव्हे, इंटरनेटवर. मला नीट सांगता येईना. तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी कॅफेत कुणीतरी लुमिरच्या पाठीवर थाप मारली. रोझलीनंच सांगितलं होतं म्हणे, तू उगाच शिव्या खाल्ल्यास, असं म्हणाला. सगळे त्याच्याशी फार प्रेमानं वागले. अंडी अर्धी टाकून तो उठला आणि चालत लायब्ररीत आला. सोमवारी आणि शुक्रवारी मी तिथं हातभार म्हणून पुस्तकं लावते, तशी लावत होते. टोपी न काढता तो मार्सेलाच्या टेबलापुढे उभा राहिला.

"कुणाला दिसणार नाही म्हणाली होतीस."

"हो."

"दिसलं."

मार्सेलानं माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच.

"चूक माझी आहे, लुमिर," ती म्हणाली. "मी सगळ्यांना एका खोलीत ठेवलं. मला वाटलं, तीन नंबरसारखंच असेल ते."

"तू वाचलंस?"

"नाही."

"मग गावात तू एकटीच राहिलीस," तो म्हणाला. "पुसून टाक."

ती उठून तीन नंबरपाशी गेली. पत्र न उघडता तिनं यादीतलं नाव निवडलं आणि काढलं. मग पडद्यावरच्या केराच्या टोपलीत जाऊन तिथूनही काढलं. लुमिर तिच्या मागं उभा होता. मी कपाटाआड होते आणि त्या क्षणी मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"गेलं?"

मार्सेलानं यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली.

"यादीतून गेलं. खरंच गेलं का, ते मला माहीत नाही. तीन नंबरवर असतं तर मी सांगू शकले असते."

"कुणाला माहीत असतं मग?"

"तेही मला माहीत नाही. मी न समजता शब्द दिला. पुन्हा देणार नाही."

त्यानं मान हलवली, जसा काट्यावर आकडा पटला की हलवायचा, आणि निघून गेला. मग मी पुढं झाले आणि मार्सेलाला सगळं सांगितलं. ॲग्नेसचं सांगितलं आणि टूसॉनच्या फोनचंही. ती परतीच्या तारखेचा शिक्का मारत होती. एक शिक्का तिरका पडला.

"आता जा, डी. मला काम आहे."

तीस वर्षांत तिनं कुणाला लायब्ररीतून जा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी घरी येऊन खूप रडले. व्हर्ननच्या वेळची ती खाकी पिशवी डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारही माझा पुस्तकं लावायचा दिवस. जाऊ की नको करत गेले. मार्सेला शेरिलचा ईमेल वाचत होती. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. नवी सिस्टिम लांबणीवर पडली होती. कंपनीला अजून वेळ हवा आहे, मशीनं आता पुढच्या उन्हाळ्यात येतील, तोवर आहे ते वापरत राहा.

"म्हणजे हे सगळं उगाचच रिकामं केलं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक," मार्सेला म्हणाली. "जे आलंच नाही त्याच्याबद्दल मी काय सांगू? मला तर जे आहे तेही कळलेलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, इकडचं तेवढं कळत होतं. मार्सेला उभी राहिली, म्हणून मी ओळखलं की जॅनेल आहे.

"हो, इथंच होतं... नाही, पुसलंय. त्यांनीच सांगितलं." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "मला माहीत नाही, जॅनेल. मी वाचलेलं नाही... चार वर्षं माझ्याकडे होतं, हो... नाही. माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. ते त्यांचं आहे, त्यांनाच विचार."

पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोललं गेलं. मार्सेलानं फोन कानापासून दूर नेला नाही.

"घरचा फोन त्यांनी काढून ठेवलाय, गाव सारखं सांत्वन करतंय म्हणून. मंगळवारी दहाला ते इथं येतात. उद्या येतील का, सांगता येत नाही. मी त्यांना एवढंच सांगेन की तू फोन करणार आहेस... हो. दहाला."

तिनं लगेच कोट चढवला, गाडी काढली आणि लुमिरच्या शेतावर गेली. लायब्ररी माझ्यावर टाकून गेली, याचं मला बरं वाटलं. अर्ध्या तासात परतली.

"काय म्हणाला?" जीभ आवरायच्या आतच माझ्या तोंडून निघून गेलं.

"डी," ती म्हणाली. एवढंच.

मंगळवारी मी ठरवलं होतं की जायचं नाही. ओटा पुसला, परत पुसला. दहा वाजले, सव्वादहा वाजले. माझ्यामुळे त्या माणसाचं वाक्य त्याच्या हातातून गेलं होतं. आता जॅनेल खरं विचारणार, आणि तो हो म्हणाला तर रोझलीला दिलेला शब्द मोडणार, नाही म्हणाला तर पोरगी कायमची जाणार. आणि आलाच नसेल तर? साडेदहाला मी कोट चढवून निघाले. माफी मागायची म्हणून निघाले असं मी स्वतःला सांगितलं.

उत्तरेचा वारा सुटला होता. लायब्ररीसमोर लुमिरचा ट्रक उभा होता. आणि दाराबाहेर, पायरीवर, मार्सेला. अंगात नुसता घरातला स्वेटर, हात काखेत दाबलेले, पाठ काचेच्या दाराला टेकलेली.

"बंद आहे," ती म्हणाली.

"पाटीवर उघडं लिहिलंय."

"बंद आहे, डी."

तिचे ओठ निळे पडले होते. मी विचारलं की कधीपासून उभी आहेस. फोन वाजला तेव्हापासून, असं ती म्हणाली. समोरच्या बँकेच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

मी गळ्यातला मफलर काढून तिच्या गळ्यात घातला. तिनं घालू दिला. तिच्या खांद्यावरून दाराची काच दिसत होती. मान जराशी लांब केली असती तर टेबल, फोन, तो बसलाय की उभा आहे, रडतोय की गप्प आहे, सगळं दिसलं असतं.

रस्त्यावर ॲग्नेसची गाडी आली आणि आम्हांला बघून हळू झाली. तिनं काच खाली केली. मी हातानं पुढं जा म्हणून खुणावलं. ती थांबली, तशी मी पुन्हा खुणावलं, आणि ती गेली.

मग मी पायरीवर चढले, काचेकडे पाठ केली आणि मार्सेलाच्या शेजारी उभी राहिले.